छाटणीची पाळी

दाढी करताना गालावर साबण फासलेला आपला चेहरा आरशात दिसला, की राधाकिशनकाकांना ते पत्र आठवायचं. मग साबण वाळेपर्यंत ते वस्तरा हातात धरून तसेच उभे राहायचे. पत्र येऊन पाच महिने झाले होते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात पोस्टमनने ते दाराच्या कडीत अडकवून ठेवलं होतं, निळं आंतर्देशीय, आणि पाठवणाऱ्याच्या जागी 'अंजना, महिला सहकारी रोपवाटिका, घाटनांदूर' असं गोल, सावकाश अक्षर. काकांनी ते एकदा उभ्यानेच वाचलं, एकदा खुर्चीत बसून वाचलं, आणि शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवून दिलं. तेव्हापासून तो खंड त्यांनी उघडला नव्हता. वाचताना एखादा शब्द अडला आणि तो नेमका त्याच खंडात निघायचा असला, तर ते अर्थ न पाहताच पुढे जात. सारी हयात पुस्तकांत गेलेल्या माणसाला हे शोभत नाही, असं स्वतःला बजावत, पण पुढे जात. न उघडून तरी काय होणार होतं? पत्र त्यांना पाठ होतं. 'काकांना अंजनाचा नमस्कार. ओळखलं का? दगडाबाईची अंजना. कारखान्यावर तुमच्या वाचनालयात फरशीवर बसून चित्रांची पुस्तकं बघायची, ती. आता आम्ही बारा जणींनी मिळून रोपवाटिका काढली आहे. औंदा पाऊस नाही, त्यामुळे मोठी झाडं कुणी घेत नाही. पण गावोगावी नवीन घरं झाली, लोकांना हौस आहे. लटकत्या कुंड्यांना मागणी आहे, कारण एका कुंडीला तांब्याभर पाणी पुरतं. तर बाहेर उन्हात टिकतील, दर साली नव्यानं लावाव्या लागणार नाहीत आणि कुंडीच्या काठावरून खाली लोंबतील, अशा वेली कोणत्या निवडाव्या ते सांगावं. गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात तुम्ही लावलेली बारीक जांभळ्या फुलांची वेल मला अजून आठवते. पुण्याकडच्या एका नर्सरीत तशीच सापडली आहे. तीच लावावी असं आमचं चाललं आहे. आमच्यातल्या नऊ जणींकडे शेळ्या आहेत, तेव्हा छाटणीही वाया जाणार नाही. कारखान्यावर असायची तशी पाळी लावू. आई म्हणते, आधी साहेबांना विचार. साहेब काही बोलले नाहीत, तर चालतंय असं समज.'

या शेवटच्या वाक्यापाशी काका दरवेळी अडायचे. दगडाबाई हे साधेपणानं म्हणाली होती की जाणून? तिला कळलं असेल का? सतरा वर्षांत कुणीतरी कधीतरी तिला सांगितलं असेल, एखाद्या डॉक्टरनं, एखाद्या शिकलेल्या माणसानं, आणि मग तिनं लेकीला म्हटलं असेल, लिही त्यांना, बघू तरी काय बोलतात. की तिच्या मनात काहीच नसेल, आणि ती अजून काकांना शहाणा माणूस समजत असेल? यातलं जास्त भयंकर काय, हेही त्यांना ठरवता येत नव्हतं. उत्तर लिहायला ते बसले नव्हते असं नाही. तीन वेळा बसले. पहिल्या खेपेला मायना लिहिला आणि 'चि.' लिहावं की 'सौ.' यावर अडले. अंजनाचं लग्न झालंय की नाही ते कुठे ठाऊक होतं. दुसऱ्या खेपेला चार ओळी झाल्या, त्या त्यांना खोट्या वाटल्या. तिसऱ्या खेपेला पेन तसंच ठेवून थेट स्टँडवर गेले, घाटनांदूरच्या गाडीपाशी उभे राहिले, कंडक्टरनं "बसताव का, आजोबा?" म्हटल्यावर "नाही, नुसतं बघतोय" असं सांगून परत आले. पत्नी सुंदरबाई होती तोवर दाराशी आलेल्या माणसाला तीच उत्तर द्यायची. काका आतून पुस्तकावरून नजर न काढता ऐकायचे. तिला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि पत्राला काही बायको उत्तर देत नाही.

हे असंच चालत राहिलं असतं. पण चैत्रातल्या एका सकाळी भिंतीवरच्या आरशात, आपल्याच कानाच्या मागे, खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्याच्या तुकड्यात, काकांना एक जांभळा ठिपका हलताना दिसला. वस्तरा थांबला, पण थोडा उशिरा. हनुवटीवर रक्ताची बारीक रेघ उमटली. ते वळले. अंबाजोगाईच्या त्या गल्लीत काकांच्या खोलीसमोर ख्वाजाचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्याला लागून ख्वाजाचं घर. दुकानाच्या पत्र्याला पुढच्या बाजूनं एक पिवळा तेलाचा डबा आडवा कापून तारेनं टांगला होता, आणि त्यातून हातभर लांबीच्या सडपातळ काड्या खाली लोंबत होत्या. बारीक, सुरकुतलेली, काठाला दातेरी पानं. टोकाटोकाला फिकट जांभळ्या फुलांचे झुबके. खाली टायरांची रास होती आणि रासेच्या पलीकडे विजेच्या खांबाला ख्वाजाच्या बायकोची, अमीरबीची, पांढरी शेळी बांधली होती. चांदनी तिचं नाव. सबंध गल्लीत हिरवी म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती, आणि शेळी मान वर करून तिच्याकडे बघत होती. काकांना कुणी सांगायची गरज नव्हती. बायांनी वाट पाहिली होती. उत्तर आलं नाही, तेव्हा चालतंय असं समजल्या होत्या.

बोटांना वास येऊ लागला. खरं तर बोटांना साबणाचाच वास होता, पण काकांना तो दुसरा आला, सतरा वर्षांपूर्वीचा, उग्र, डोक्यात चढणारा, पान चुरगाळलं की येतो तो. शहाऐंशी सालचा उन्हाळा. काका ज्या साखर कारखान्यावर ग्रंथपाल होते, त्याचं गाळप तेव्हा कधीच बंद पडलं होतं, उसाची जागा काळ्या ढेकळांनी घेतली होती, वसाहतीत दोन दिवसांआड टँकर यायचा. आणि त्यातच दुष्काळाची पाहणी करायला वरून पथक येणार, ते कारखान्याच्या गेस्ट हाऊसला उतरणार, असं ठरलं. चेअरमनसाहेब वाचनालयात कधी पाय ठेवत नसत, त्या दिवशी आले आणि दारातूनच म्हणाले, "राधाकिशन, तुमी एवढी पुस्तकं वाचताव, त्याचा कारखान्याला काय उपेग? व्हरांडा बगितला का, भुतावानी दिसतोय. जमिनीत काय जगंना तर वर टांगा. कुंड्या टांगा. कमी पाणी पिणारं पायजे, बारमाही फुल पायजे, आन् खाली लोंबलं पायजे. बगा पुस्तकात." मग जाता जाता हसून म्हणाले, "फक्त ती माळावरची घाणेरी, टणटणी आणू नका म्हंजे झालं. अब्रू जाईल माझी." बरोबरची दोन माणसंही हसली. काकाही हसले. हसायला उशीर झाला असं त्यांना वाटलं होतं, आणि त्याची लाज पुढे दोन दिवस टिकली होती.

पण ते आठ दिवस त्यांच्या आयुष्यातले सुखाचे होते, हे कसं नाकारायचं? कुणीतरी त्यांना काहीतरी विचारलं होतं. बागेवरची तीन पुस्तकं, एका नर्सरीची यादी आणि पेन्सिल घेऊन ते बसले. मनीप्लांटला व्हरांड्याचं पश्चिमेचं ऊन सोसणार नव्हतं, पानं भाजून निघाली असती. चिनी गुलाब उन्हाला पक्का, पण फुलं दुपारी मिटतात, आणि पथक संध्याकाळी येणार होतं. काटेरी शतावरीची एक लोंबणारी जात होती, तिला फुलं नावापुरती. कारल्याची, गोकर्णाची वेल वर चढते, खाली पडत नाही, आणि कारल्याची तर साल संपलं की संपली. असं एकेक खोडत खोडत ते त्या जांभळ्या वेलीपाशी आले. उन्हात भाजत नाही, चार दिवस पाणी नसलं तरी कुरकुरत नाही, एकदा लावली की वर्षानुवर्षं राहते, बारमाही फुलते, काड्या दोन-दोन हात लोंबतात. नर्सरीच्या यादीत तिचं नाव 'जांभळी झुंबर' होतं. फक्त जाड पुस्तकाच्या मागच्या पानांवर, बारीक टाइपात, ती कुठल्या कुळातली ते लिहिलेलं होतं. ती टणटणीची बहीण होती. काकांनी ती ओळ वाचली, पुस्तक मिटलं आणि आपली निवड चेअरमनसाहेबांना कळवली. कळवताना नाव यादीतलं दिलं.

व्हरांडा खरंच देखणा झाला. पथक आलं, खुर्च्यांवर बसलं, कुंड्यांकडे बघून कुणीतरी "वा" म्हणालं आणि गेलं. पण वेल राहिली. वाढली. दर आठवड्याला तिचे शेंडे काढावे लागत, आणि त्या उन्हाळ्यात कारखान्यावर एक रीत पडली होती: आवारात जे काही हिरवं छाटलं जाईल, मेंदीचे शेंडे, सुबाभळीच्या फांद्या, हिरवळीचं गवत, ते झाडणाऱ्या बायांना पाळीनं द्यायचं. पाच बाया, पाच पाळ्या. पाळीवरून भांडणं व्हायची, माळी धोंडीराम मध्ये पडायचा, आणि जिची पाळी असेल ती छाटणी फडक्यात बांधून अशी घेऊन जायची, की जणू ओटी भरलीय. गुरुवार दगडाबाईचा. काकांना तो गुरुवार दुपारच्या उन्हासकट आठवत होता. ते व्हरांड्याच्या टोकाला खुर्ची टाकून वाचत बसले होते. दगडाबाईनं जांभळ्या काड्यांचा भारा सकाळीच सावलीला टाकून ठेवला होता. दुपारपर्यंत त्या सुकून मऊ पडल्या होत्या, वास उडून गेला होता. ती हातातला झाडू खाली ठेवून म्हणाली, "साहेब, हे पुण्याचं झाड हाय म्हणं. शेरडाला चालंल का?"

काकांनी मान वर केली. आणि त्या दोन-तीन क्षणांत त्यांच्या मनात जे जे आलं, ते सगळं आज सतरा वर्षांनीही त्यांना सुटंसुटं दिसत होतं. पुस्तकात माळावरच्या टणटणीबद्दल लिहिलं होतं, की जनावरं एरवी तोंड लावत नाहीत, पण उपाशी जनावर खातं आणि मग त्याचं यकृत बिघडतं. या लोंबणाऱ्या जातीबद्दल तसं काही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे चालत असेल. किंवा नसेल. आपण काही जनावरांचे डॉक्टर नाही. आपण 'नको' म्हटलं आणि तसं काही नसलं, तर या बाईची पाळी फुकट जाईल. 'नको' म्हटलं तर ती 'का' विचारेल, मग टणटणीचं नाव निघेल, धोंडीराम ऐकेल, संध्याकाळपर्यंत चेअरमनसाहेब ऐकतील. काकांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पुस्तकाकडे पाहिलं. दगडाबाई जरा वेळ थांबली. त्या भागात साहेब माणसाला एखादी गोष्ट नको असेल तर तो ओरडतो. गप्प बसला म्हणजे त्याची हरकत नाही, असाच हिशेब असतो. "बरं साहेब," ती म्हणाली, आणि भारा डोक्यावर घेऊन गेली. तिच्या मागून दहा वर्षांची अंजना, एक गळून पडलेला फुलांचा झुबका उचलून कानामागे खोचत.

चौथ्या दिवशी तिच्या दोन्ही शेळ्यांनी चारा सोडला. उन्हात यायला तयार होईनात, सावलीच्या कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून उभ्या राहिल्या. डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला, कानांच्या टोकांची कातडी तडकली. डॉक्टर आले तेव्हा एक मेली होती आणि दुसरी मरत होती. "काय खाऊ घातलं?" त्यांनी विचारलं. "गेस्ट हाऊसची छाटणी," दगडाबाई म्हणाली. डॉक्टर म्हणाले, मग त्यावर फवारणी झालेली असणार. धोंडीराम शपथा घेऊ लागला. पोरांची शपथ, ग्रामदैवताची शपथ, औषधाचा डबा महिनाभर उघडला नाही म्हणाला. चेअरमनसाहेबांनी त्याला उभ्या उभ्या कामावरून काढलं. काका त्या घोळक्यात होते. मागच्या रांगेत, एका खांबाला टेकून. व्हरांड्यात त्यांना खात्री नव्हती, हे खरं होतं. त्याला धरून ते पुढे कित्येक वर्षं जगले. पण इथे तर होती. इथे फक्त तोंड उघडायचं होतं. ते त्यांनी उघडलं नाही. शेळ्यांच्या दुधावर दगडाबाईचं घर चालत होतं. दसऱ्यानंतर ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर पश्चिमेकडे गेली आणि अंजनालाही घेऊन गेली. ट्रॅक्टरच्या मागे, पाचटाच्या चटयांवर, पातेल्यांच्या मध्ये बसलेली ती पोर. ती वाचनालयाच्या खिडकीकडे हात हलवत होती. काका खिडकीच्या बाजूला सरले होते.

आणि आता समोर तो तेलाचा डबा. पहिला दिवस काकांनी खिडकीत काढला. जेवण गेलं नाही. चांदनीचा दोर किती लांब, ती टायरांवर पुढचे पाय ठेवून उभी राहिली तर तिचं तोंड कुठवर पोचतं, खालच्या काडीचं टोक आणि तिचं नाक यांच्यात किती अंतर उरतं, हे ते डोळ्यांनी मोजत राहिले. एक वीत. दुपारी वाऱ्यानं काडी हलली की वीतभराची चार बोटं व्हायची. दुसऱ्या दिवशी पहाटे ते शेळीच्या ओरडण्याची वाट पाहत पडून राहिले. ती ओरडली तेव्हा त्यांना रडू आलं, आणि एवढ्या म्हाताऱ्या माणसाला शेळी ओरडली म्हणून रडू येतं याची भीतीही वाटली. खाली जाऊन चार शब्द बोलायला किती वेळ लागतो? जिन्याच्या अकरा पायऱ्या, रस्ता ओलांडायला वीस पावलं. पण त्या चार शब्दांमागून दुसरे येतील, आणि त्यांच्यामागून आणखी. ख्वाजा विचारेल, तुम्हाला कसं माहीत. बायांना कळेल की अंबाजोगाईत एका म्हाताऱ्यानं ओळखलं. अंजना विचारेल, कोणता म्हातारा. आणि घाटनांदूरला नऊ जणींच्या शेळ्या होत्या. तिथेही पाळी लागली असेल. कुणास ठाऊक, एखादीची लागून गेलीही असेल. त्या नऊ दारांत आत्ता काय चाललं असेल, कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून काय उभं असेल, हे मनात आलं की काका खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत सुटत.

चौथ्या दिवशी सकाळी अमीरबी स्टूल घेऊन बाहेर आली. तिच्या हातात कपडे कापायची कात्री होती. काका जिना उतरले. ते कसे उतरले हे त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. चपला मात्र वरच राहिल्या होत्या, आणि रस्त्याचं डांबर तळव्यांना भाजत होतं.

"या या, काका," ख्वाजा इंजिनमधून डोकं न काढता म्हणाला. "आज सूर्य कुठनं उगवला? लायब्री तर तिकडं हाय."

"ही कुंडी..." काका म्हणाले.

"पसंद पडली का? घेऊन जा की. तुमच्या गॅलरीत सालोसाल निस्तं टॉवेल लटकतंय."

"तो बी रोज न्हाई," अमीरबी स्टुलावर चढत म्हणाली. ख्वाजा हसला. तिनं दोन बोटांनी एक लांब काडी धरली. "लई वाढली बगा, पोरीच्या केसावानी. जरा शेंडे काढते. चांदनीला व्हतील. बिचारीला औंदा हिरवं कुठं दिसतंय डोळ्याला."

कात्रीचा आवाज झाला. काडी खाली पडली, टायरावर, आणि चांदनीनं दोर ताणला.

"नको!"

हा आवाज आपला आहे, हे काकांना सगळे आपल्याकडे बघू लागल्यावर कळलं. ते वाकले होते, काडी त्यांच्या मुठीत होती, आणि शेळीचं ओलं नाक त्यांच्या मनगटाला लागलं होतं. "तिला देऊ नका," ते म्हणाले. "विषारी आहे. ही टणटणीच आहे. टणटणीचीच एक जात."

ख्वाजानं हात फडक्याला पुसले, एक पान खुडलं, चुरगाळलं आणि हुंगलं. त्याच्या भुवया वर गेल्या. "च्यायला! वास तर तोच हाय. अगं अमीर, टणटणी इकत आणली तू? माळावर गाड्या भरून फुकट पडलीय, आन् ही बाजारातनं मिरवत आणती!" तो मांडीवर हात मारून हसू लागला. दुकानात गाडी घेऊन आलेला एक जणही हसू लागला. अमीरबीनंही आधी तोंड वाकडं केलं आणि मग पदरात हसली. काका ते हसणं ऐकत उभे राहिले. हेच ते. याच हसण्याला भिऊन त्यांनी एक नाव गिळलं होतं. ते असं होतं, दोन मिनिटांचं, आणि संपलंही.

"तुमाला ठाऊक व्हतं?" अमीरबी स्टुलावरून उतरली. "मग आधी कावून न्हाई सांगितलं? चार दिस झालं, खिडकीतनं बगताव की आमच्याकडं. मला वाटलं, काकांचं फुलांवर मन बसलंय."

काकांनी काडीकडे पाहिलं.

"असू दे ग," ख्वाजा म्हणाला. "वक्तावर आले की न्हाई? काका, तुमी टेन्शन घेऊ नका. परवा मी घाटनांदूरच्या बाजाराला जाणारच हाय. जिथनं ही आणली त्या बायांना सांगतो, ही काय चीज इकताव म्हणून. त्यांच्याकडं बी शेरडं असतील."

"नऊ जणींकडे आहेत," काका म्हणाले.

"तुमाला लई माहिती हो, घरात बसून!"

जिना चढताना त्यांना हलकं वाटलं. इतकं हलकं, की सहाव्या पायरीवर कठड्याला धरून थांबावं लागलं. परवा ख्वाजा सांगेल. बाया वेल उपटून टाकतील. शेळ्या वाचतील, आणि कुणी कुणाला काही विचारणार नाही. एका मेकॅनिकनं वासावरून टणटणी ओळखली, एवढीच गोष्ट होईल. पत्राला उत्तर द्यायची आता गरजच उरली नव्हती. काका खोलीत आले, पाणी प्यायले, आणि खुर्चीत बसल्यावर त्यांना आपण केवढे सुखावलो आहोत ते दिसलं. तिथून भीती पुन्हा सुरू झाली, पण वेगळी, गार. पाच महिने आपण शेळ्यांसाठी घाबरतोय असं ते समजत होते. शेळ्यांसाठी एक कार्ड पुरलं असतं. 'ती वेल नको', तीन शब्द. ते त्यांनी टाकलं नव्हतं, कारण तीन शब्दांनंतर अंजनानं 'का' विचारलं असतं. नऊ दारांतली जनावरं त्यांनी त्या एका 'का'पुढे बांधून ठेवली होती. असला माणूस मी आहे, ते मनात म्हणाले, आणि खोलीत दुसरं कुणी नाही हे बघण्यासाठी त्यांनी मागे वळून पाहिलं.

मग त्यांनी शब्दकोशाचा तिसरा खंड काढला. पत्र उघडून समोर ठेवलं आणि कोरा कागद घेतला. मायन्यात नुसतं 'अंजना' लिहिलं. आधी वेलींचं लिहिलं, कारण ते तिनं विचारलं होतं आणि ते येत होतं. जांभळी वेल आजच उपटावी, जाळू नये, खड्ड्यात पुरावी. एखादीच्या शेळीनं ती खाल्लेली असेल, तर शेळी सावलीत बांधून लगेच डॉक्टरला बोलवावं. तिच्या जागी काय? इथे ते बराच वेळ थांबले. या वेळी पुस्तकं उघडली नाहीत. शेळी खाईल आणि जगेल तेच टांगायचं, असं ठरवल्यावर निवड सोपी झाली. मयाळू: जांभळ्या देठांची घ्यावी, कुंडीतून सुरेख लोंबते, वर्षानुवर्षं फुटत राहते, भाजीही होते. पानओवा: काठावरून ओघळतो, पाणी अगदी कमी, पण दुपारी सावली हवी, म्हणून पूर्वेच्या बाजूला. उन्हाच्या बाजूला मोठ्या फुलांची घोळ: फुलं दुपारनंतर मिटतात, गिऱ्हाइकाला तसं आधीच सांगावं; थंडीत मेल्यासारखी दिसते, पण काडी खोचली की पुन्हा धरते; शेळीला मूठभर चालेल, भाराभर नको. 'यात माझी चूक असू शकते', असं लिहिलं, आणि 'म्हणून लावण्याआधी डॉक्टरला एकदा विचारावं', हे त्याखाली.

ऊन भिंतीवरून सरकत टेबलाच्या पायापर्यंत आलं तरी पुढची ओळ येत नव्हती. 'मला ठाऊक होतं' असं लिहिलं, खोडलं. ठाऊक नव्हतं. 'मला ठाऊक नव्हतं' असं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी त्यांनी लिहिलं ते असं होतं: 'तुमच्या दोन शेळ्या शहाऐंशी साली मेल्या, त्या जांभळ्या वेलीनं. ती टणटणीची जात आहे, हे मी लावण्याआधी वाचलं होतं. लोक हसतील म्हणून कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आईनं मला विचारलं, शेरडाला चालेल का. मला खात्री नव्हती, पण शंका होती, आणि मी बोललो नाही. मी गप्प बसलो म्हणून ती घेऊन गेली. धोंडीरामनं फवारणी केली नव्हती. त्याला काढलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. तेव्हा मला खात्री होती. तेव्हाही मी बोललो नाही. तुझी शाळा त्यापायी सुटली. धोंडीराम कुठे असेल तर मला कळव. हे पत्र आईला वाचून दाखव.'

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचलं. दगडाबाईला वाचता येत नव्हतं. म्हणजे हे अंजनालाच मोठ्यानं वाचावं लागणार, आईसमोर बसून, ओळ न ओळ. मयाळू, पानओवा, घोळ, इथवर तिचा आवाज सरळ येईल. त्यापुढे तो कुठे थांबेल? आणि थांबल्यावर दगडाबाई काय म्हणेल? काकांनी ते वाक्य खोडायला पेन टेकवलं. मग पेनाचं टोपण लावलं, कागदाची घडी घातली, पाकिटात घातला आणि चपला शोधू लागले.

पोस्टाच्या पायऱ्यांवर गर्दी होती. कसल्याशा फॉर्मचा शेवटचा दिवस असावा. काका लाल पेटीपाशी पोचले, पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि तसेच उभे राहिले. पाकिटाचं एक टोक आत अंधारात होतं, दुसरं त्यांच्या बोटांत. हात मागे घ्यायला काहीच लागलं नसतं.

"आजोबा, टाकायचंय का न्हाई?" मागून एक बाई म्हणाली. तिच्या कडेवर पोर होतं आणि दातांत पाकीट धरलं होतं, ते तिनं बोलण्यापुरतं काढलं. "टाकायचं नसंल तर सरका. माझी बस हाय."

"टाकायचंय," काका म्हणाले.

"मग सोडा की. धरून कसं जाईल?"

त्यांनी सोडलं. आत पडल्याचा आवाज आला नाही. पेटी भरलेली असावी. काका बाजूला झाले. त्या बाईनं आपलं पाकीट टाकलं आणि पोर सावरत ती स्टँडकडे पळाली. तिथेच पेटीजवळ बसलेल्या पोस्टातल्या शिपायाला काकांनी विचारलं, "घाटनांदूरला कधी पोचेल?"

"उद्या. फार तर परवा."

उद्या, फार तर परवा. काका पायरीवर टेकले. मग उठले आणि गर्दीतून वाट काढत घराकडे चालू लागले.